चौघांचं धरणं, सहांचा बंदोबस्त

सोयाबीनची मळणी होते, पोती बाजार समितीत जातात, त्यालाही महिने उलटतात, आणि मग एखाद्या थंडीत सदरा अंगात घातला की मानेला काहीतरी टोचतं. हात घालून पाहावं तर कुटाराचं, मळणीच्या भुशाचं, कुसळ. सदरा मधल्या काळात दहा वेळा धुतलेला असतो. किस्से असेच साठतात. आपण साठवत नाही, ते शिवणीत बसून राहतात.

आमच्या बाकावरचे असे बरेच आहेत माझ्याजवळ. ते सगळे सांगतो तसेच घडले का, याची खात्री मला देता येणार नाही. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली, आणि त्यातून हाती एवढंच लागलं की कुठलंही वाक्य ठामपणे बोलताना जीभ अडखळते. तरी सांगतो.

बाक म्हणजे वाशीमला शाळेच्या मैदानाच्या कडेला असलेला सिमेंटचा बाक. सकाळी फिरून झालं की आम्ही चौघं तिथं टेकायचो. शकुंतलाताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या बसल्या की आम्ही आपोआप सरळ बसायचो. रफीकभाई एसटीचे जुने कंडक्टर. आणि भाऊराव, अनसिंगच्या अलीकडच्या एका गावचे शेतकरी. डेअरीत दूध घालायला ते रोज मोटारसायकलवर यायचे आणि रिकामे कॅन बाकाला टेकवून गप्पा मारायचे. त्यांच्या गावाचं नाव मी घेत नाही. लोक चांगले आहेत, पण छापून आलेलं त्यांना आवडत नाही.

*

भाऊरावांची मुलगी वैशाली पुण्याला नोकरीला. तिच्याबरोबर अनुजा नावाची मुलगी राहते, आठेक वर्षं झाली. मैत्रीण म्हणून नाही. नवराबायको राहतात तशा. हे भाऊरावांनी आम्हाला बाकावरच सांगितलं होतं, पावसाचा अंदाज सांगावा तितक्या सहज. मीच दचकून इकडेतिकडे पाहिलं होतं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

वैशालीनं अनुजाला पहिल्यांदा घरी आणलं ते पोळ्याला. सांगून आणलं होतं. भाऊराव दोन दिवस बोलले नव्हते. दारात उभ्या दोघींकडे पाहून त्यांनी बायकोला, सिंधूताईंना, हळूच विचारलं, "हिले जावई म्हनाचं का सून?"

सिंधूताई म्हणाल्या, "आंदी पाय धुवाले पानी द्या. मंग ठरवू."

भाऊरावांचा एक बैल परक्या माणसाला जवळ येऊ द्यायचा नाही. अनुजा साताऱ्याकडची, शेतकऱ्याचीच लेक. तिनं सरळ जाऊन त्याच्या पाठीवर झूल टाकली, शिंगांना बेगड लावली. बैल उभा.

"सर," भाऊराव मला म्हणाले होते, "त्या बैलानं मान नाई हलवली. म्या म्हनलं, बैलाले पसंत हाये, तं आपन कोन लागून गेलो?"

त्यानंतर दर पोळ्याला दोघी यायच्या. गावाला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते गावच जाणे. 'वैशालीची मैत्रीण' एवढ्या शब्दांत सगळ्यांचं निभत होतं.

*

मग तो उन्हाळा आला. अशा लग्नांना कायद्याची मान्यता द्यावी का, यावर सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू होती आणि टीव्हीवर रोज तेच. निवडणुकाही फार लांब नव्हत्या. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं मंगल कार्यालयात सभा घेतली. स्टेजवर एका महाराजांपासून सगळ्या धर्मांचे गुरू होते. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार यावरून ज्यांनी वर्षानुवर्षं पोलिसांना जागवलं, ते एका सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसलेले. सगळ्यांनी मिळून सरकारला बजावलं की असं लग्न धर्माला मान्य नाही, म्हणून कायद्यालाही नसावं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. शकुंतलाताईंनी चष्मा सारखा करून तो बराच वेळ पाहिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता हे लग्न किती दिवस टिकतं ते पाहू."

हसलो आम्ही. भाऊराव हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. सभेत ठरल्याप्रमाणे गावोगावच्या ग्रामसभांना पाठवलेला ठरावाचा मसुदा होता. 'आमचे गाव अशा विवाहांचा निषेध करते व शासनास विनंती करते की...' खाली सरपंचाच्या सहीला जागा. एक मेच्या ग्रामसभेत हात वर करून मंजूर करायचा.

त्यांनी तो फोनवर वैशालीला वाचून दाखवला होता. ती भांडली नाही. म्हणाली, "आबा, गावानं हात वर करून नको म्हटल्यावर मी अनुजाला त्या गावात कशी आणू? आणि तिला सोडून मी कशी येऊ?"

"म्हंजे माही पोरगी आता येत नाई," भाऊराव म्हणाले. "एवढंच हाये पाहा. बाकी कोर्टाचं कोर्ट पाहो."

रफीकभाईंनी बाकाला टेकवलेला कॅन उगीचच इकडचा तिकडे ठेवला. मग शकुंतलाताई म्हणाल्या, "आपण धरणं देऊ."

मी म्हणालो, विचार करायला हवा. त्या म्हणाल्या, "तुम्ही करा विचार. तोवर आम्ही अर्ज लिहितो."

*

परवानगीसाठी ठाण्यात गेलो. ठाणेदार सभ्य गृहस्थ होता. खुर्च्या दिल्या, चहा मागवला. अर्ज वाचला, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. चौघांच्या वयाची सरासरी सत्तरीच्या पुढं.

"तुमच्यापैकी लग्न कोणाचं अडलं?" त्यानं विचारलं.

"माझं झालं नाही," शकुंतलाताई म्हणाल्या. "पण ते या कारणानं नाही."

ठाणेदारानं मान खाली घालून पेन उचललं. पक्ष कोणता, विचारलं. कोणताच नाही. मागणी काय? मी सांगायला सुरुवात केली: राज्यघटना, व्यक्तिस्वातंत्र्य, धर्म आणि शासन यांच्या ऐतिहासिक संबंधांचा... भाऊरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "साहेब, देवाधर्माच्या मानसांनी मतं मागनाऱ्यांसंग बसून पोरीबाळीच्या लग्नाचे ठराव करू नये. एवढंच म्हननं हाये."

"लोक किती येतील?"

"चार."

"चार हजार?" ठाणेदाराचं पेन थांबलं.

"चार मानसं जी. हेच."

त्यानं बंदोबस्ताला सहा शिपाई दिले. त्या दिवशी वाशीममधलं सर्वात सुरक्षित आंदोलन आमचं होतं. प्रत्येकाला दीड पोलीस.

*

पत्रक लिहायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. मी तीन रात्री जागून चार पानं लिहिली. तळटीपा होत्या. एका ठिकाणी मी स्वतःचाच मुद्दा खोडून काढला होता, मग त्या खोडण्यावरही शंका घेतली होती. प्रामाणिकपणा म्हणून.

शकुंतलाताईंनी लाल पेन घेतलं. पहिलं पान संपूर्ण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर त्या थांबल्या, मला वाटलं काहीतरी आवडलं. पेनातली शाई संपली होती. दुसरं पेन घेऊन त्यांनी तेही पान घालवलं. शेवटी उरल्या दोन ओळी: 'धर्म ज्याचा त्यानं पाळावा. लग्नाचा हक्क कायद्यानं सगळ्यांना द्यावा.'

"ह्यात माझं काय राहिलं?" मी विचारलं.

"विरामचिन्हं," त्या म्हणाल्या.

पत्रकं वाटायला रफीकभाई बसस्थानकावर उभे राहिले. तीस वर्षांची सवय. डाव्या हातात गठ्ठा, अंगठ्यानं एक कागद वर सरकवायचा, उजव्या हातानं टरकन ओढून पुढच्याच्या हातात. आणि तोंडानं, "पुढं सरका, पुढं सरका." लोक निमूटपणे रांगेत आले. मालेगावच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका म्हातारीनं पत्रक घेतलं, पदराच्या गाठीत जपून बांधलं आणि गाडीत चढल्यावर कंडक्टरनं तिकीट मागितलं तर तेच काढून दाखवलं.

"हे चालत नाही आजी," कंडक्टर म्हणाला.

"काहून चालत नाई? त्या जुन्या कंडक्टर मास्तरनं देल्लं."

*

धरण्याच्या दिवशी सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर गेलो, तर आमच्या जागी लाल मखमलीचे दोन सिंहासनासारखे सोफे, मागं सोनेरी जाळीची कमान आणि वर झुंबर.

मंडपवाला घाम पुसत उभा होता. आम्ही साधा कापडी मंडप सांगितला होता. तो म्हणाला, "साधा सारा महाराजांच्या सप्त्याले गेला जी. आज लग्नाची तिथी नाई, म्हनून हा सेट मोकळा होता. भाडं साध्याचंच घेतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "झुंबर माह्याकडून."

ऊन असं होतं की वाद घालण्यात अर्थ नव्हता. भाऊराव एका सोफ्यावर बसले. शकुंतलाताई दुसऱ्यावर. मी आणि रफीकभाई दोन बाजूंना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, करवल्यांसारखे. सहा शिपाई कमानीमागच्या सावलीत.

कामासाठी आलेले लोक थांबून पाहायला लागले. आसेगावकडून आलेलं एक जोडपं सरळ पुढं आलं, बाईनं पिशवीतून नारळ काढून शकुंतलाताईंच्या ओटीत घातला आणि सुखी राहा म्हणाली. फोटो निघाले.

शकुंतलाताई पुढं पाहतच म्हणाल्या, "भाऊराव, उठा तिथून. नाहीतर उद्याच्या पेपरात आपलंच लागलेलं असेल."

भाऊराव उठले नाहीत. म्हणाले, "बाई, पाच मिनिट बसू द्या. माह्या लग्नात असा सोफा नोता."

*

दुपारी आमच्या विरोधात मोर्चा आला. चाळीसेक जण, टाळ वाजवत, घोषणा देत. सगळ्यात पुढं माझा एक विद्यार्थी. बीएस्सीला दोनदा माझ्या विषयात नापास झालेला. आता त्याच पुढाऱ्याचं सगळं काम पाहतो. आमच्यासमोर येऊन त्यानं मूठ उंचावून 'मुर्दाबाद' केलं, गर्दीतून बाहेर आला, वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि परत जाऊन पुन्हा 'मुर्दाबाद'.

दुसऱ्या फेरीला तो पाया पडायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, नक्की काय रे?

"सर, मुर्दाबाद मुद्द्याले हाये. तुमाले नाई." आणि मग काळजीनं, "उन्हात बसू नका जी जास्त."

त्यानं मोर्चातल्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांतला एक खोका आमच्याकडे पाठवून दिला. पोलिसांनीच तो जास्त संपवला.

नंतर एका स्थानिक चॅनलची बातमीदार आली. शिकलेले म्हणून माझ्यापुढं माइक धरला. मी म्हणालो, या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. एक बाजू सांगितली. तिची मर्यादा सांगितली. मग दुसरी बाजू. श्रद्धा हीसुद्धा माणसाची गरज आहे हे मान्य करायला हवं, असं म्हणालो. माझं काही चुकतही असेल, हेही म्हणालो. कॅमेरावाल्यानं हात बदलला.

ती मुलगी शेवटी म्हणाली, "सर, आज तुम्ही कोणत्या बाजूनं बसलात तेवढं सांगा फक्त."

मी मागं वळून कमानीकडे पाहिलं. भाऊराव माझ्याकडेच पाहत होते. "यांच्या," मी म्हणालो. बातमीत तेवढंच दाखवलं. एक शब्द. घरी सगळे म्हणाले, इतकं स्पष्ट तुम्ही पहिल्यांदाच बोललात.

*

रफीकभाईंना मात्र ते धरणं सोपं गेलं नाही. त्यांच्या मोहल्ल्यात चर्चा झाली. एका जुम्म्याला नमाजनंतर मौलानासाहेबांनी त्यांना थांबवून घेतलं. मौलानासाहेब मंगल कार्यालयातल्या त्या स्टेजवर होते. तुम्ही शहाणे, बुजुर्ग माणूस, तुम्ही या भानगडीत कुठं पडलात, असं त्यांनी समजुतीनं विचारलं. माणसं जमलेली.

रफीकभाईंचा मोठा मुलगा शेजारी उभा होता. त्याचं दुकान त्याच मोहल्ल्यात. त्यानं वडिलांचा हात धरला, घरी चला म्हणून. रफीकभाईंनी तो हळूच सोडवला.

"मौलानासाहब," ते म्हणाले, "तीस साल मैंने टिकट फाडे. जो भी चढा, उससे इतनाच पूछा कि कहाँ जाना है. किसके साथ जा रहे, ये कभी नहीं पूछा. एसटी में वो पूछने का कायदा ही नहीं था."

महिनाभर लोक सलाम घ्यायचे पण थांबायचे नाहीत. रफीकभाईंनी हे आम्हाला त्या वेळी सांगितलं नाही. त्यांच्या मुलानं सांगितलं, पुढच्या वर्षी, रफीकभाई गेले त्या दिवशी. मौलानासाहेबांनीच जनाजाची नमाज पढवली. मी मागं उभा होतो. हात नेमके कुठं ठेवायचे ते मला कळत नव्हतं.

*

आता बाकावर आम्ही दोघंच असतो, शकुंतलाताई आणि मी. भाऊरावांचे गुडघे गेले, त्यामुळं डेअरीला त्यांचा पुतण्या येतो. कोर्टाचा निकाल त्याच वर्षी आला. आम्हाला हवा होता तसा आला नाही. कायदा करणं संसदेचं काम, असं म्हणाले. आजूबाजूच्या पुष्कळ गावांनी तो ठराव केला, त्याची कात्रणं मी अजून ठेवली आहेत. मग सगळं केलं ते कशासाठी, असं कधीकधी पहाटे जाग आली की वाटतं. शकुंतलाताईंना विचारलं तर म्हणाल्या, "सर, तुमचा हा प्रश्न गेल्या वर्षीही हाच होता. अभ्यासक्रम बदला."

पण भाऊरावांच्या गावच्या त्या ग्रामसभेचं सांगायचं राहिलं.

*

एक मेची सकाळ. झेंडावंदन झालं आणि समाजमंदिरात ग्रामसभा भरली. आम्ही तिघं बाहेरगावचे, मत नसलेले, म्हणून पायरीवर बसलो. आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. तो पुढारी स्वतः आला नव्हता, पण त्याची दोन माणसं फोन उभा धरून व्हिडिओ घेत होती.

मी भाऊरावांना भाषण लिहून दिलं होतं. या खेपेला एकच पान. ते त्यांनी पाठ केलं होतं, गोठ्यात म्हशीपुढं म्हणून पाहिलं होतं.

घरकुलाची यादी झाली. नळयोजनेवरून भांडण झालं. शेवटी ग्रामसेवकानं, तो नांदेडकडून नुकताच बदलून आलेला होता, 'ऐनवेळचे विषय' म्हणून तो ठराव वाचला. सरपंच भाऊरावांच्या भावकीतला, चाळिशीतला. त्यानं विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का?

भाऊराव उठले. कागद खिशातच होता. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. यातल्या निम्म्या लोकांच्या लग्नांत त्यांनी पंगती वाढलेल्या. "माही वैशाली..." ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "माही वैशाली..." मग उभेच राहिले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि खाली बसले. मी पायरीवर डोळे मिटून घेतले. वाटलं, वाक्यं लांब झाली, माझंच चुकलं.

सरपंच खाली पाहत म्हणाला, "तं ज्याइची संमती असन, त्याइनं हात वर करा."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सिंधूताई उठल्या. त्या ग्रामसभेत कधी बोललेल्या नव्हत्या. इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाला. दुसरं चूलबंद, म्हणजे घरातलं लहानथोर कोणी मागं राहायचं नाही, त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. चूलबंद आवतण कोणी नाकारत नाही. नाकारलं तर त्या दोन घरांचं बोलणं, येणंजाणं, खांदा देणं, सगळं तुटतं. भाऊबंदकीतून कोर्टात एकमेकांवर केस चालू असलेली माणसंसुद्धा चूलबंदला येऊन जेवून जातात आणि मग तारखेला जातात. जेवण बहुधा रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे आणि सोबत वांग्याची भाजी.

सिंधूताईंनी पदर सारखा केला.

"सारे जमले हायेत म्हनून सांगून देतो," त्या म्हणाल्या. "येत्या आइतवारी आमच्या वावरात रोडगे हायेत. वैशाली अन् अनुजा, दोघी येनार हायेत. त्याइच्याच हातचे रोडगे हायेत. साऱ्या गावाले चूलबंद आवतन हाये. घरोघर फिरनं आता माह्या पायानं होत नाई, म्हनून इथंच सांगतो. ज्याले यायचं नसन, त्यानं आत्ताच हात वर करा. तेवढं पीठ कमी भिजवतो."

आणि खाली बसल्या.

मागच्या रांगेत एकाचा हात आधीच अर्धा वर गेला होता. त्यानं तो तसाच नेऊन डोकं खाजवलं. व्हिडिओ घेणाऱ्या दोघांपैकी एक त्याच गावचा होता. त्यानं फोन खाली केला. भाऊरावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना हे आवतण माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

सरपंचानं घसा साफ केला. "तं... ठरावाच्या बाजूनं..."

एकही हात हलला नाही.

ग्रामसेवक रजिस्टर उघडून, पेनाचं टोपण काढून बसला होता. बिचारा नवा. त्यानं एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं, आणि सरपंचाच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, प्रोसिडिंगमध्ये हात किती लिहू?"

सरपंचानं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"काकी," तो म्हणाला, "वांग्याची भाजी जराशी तिखट करजा."